दीड तिकिटात बामणोली

सोलापूरहून डोंगरात जायचं तर आधी बरीच सपाटी पार करावी लागते. आमचा किल्ला भुईकोट, तळं गावाच्या मधोमध, आणि गाव संपलं की क्षितिजापर्यंत ज्वारी-तुरीची रानं. त्यामुळं डोंगरात तंबू ठोकून राहणं ही पुण्या-मुंबईच्या लोकांची गोष्ट, असं आमच्याकडं धरलं जातं. ते लोक ऑफिस सुटल्यावर निघाले तरी रात्रीच्या जेवणाला पवना धरणाच्या काठावर असतात. आपला दिवस पोचण्यातच जातो, वर पैसाही जास्त, मग कशाला त्या फंदात पडायचं? हा समज खरा नाही, हे आम्ही दोघांनी करून पाहिलं म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत, घर एकत्र आहे, खोल्या मोजक्या आहेत आणि नवरा-बायकोला दोन शब्द निवांत बोलायचे तर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्ची गाठावी लागते, त्यांनी तर हे वाचावंच.

आम्ही पूर्व भागात राहतो. सासू-सासरे, धाकटे दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आमचा मुलगा. गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटखट चालते. तिची सवय होते, तशी तिच्यावर आवाज चढवून बोलायचीही सवय होते. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. हे आधी बरीच वर्षं मागावर होते, आता टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघतात. मी पतसंस्थेत आहे. दोघांच्या पगारात घर नीट चालतं, पण एका रात्रीसाठी रिसॉर्टला सहा-सात हजार मोजावेत एवढी ऐपत नाही, आणि असती तरी मी मोजले नसते.

चौकशी फोनवरूनच सुरू केली. एका कॅम्पवाल्यानं माणशी दोन हजार सांगितले. त्यात काय काय येतं विचारलं, तर डीजे, बार्बेक्यू, फुग्यांनी सजवलेला तंबू, आणि जोडप्यासाठी खास सजावट म्हणून वर पाचशे. सजावट नको असेल तर? दर तोच. दुसऱ्यानं पूर्ण पैसे आधी मागितले आणि जागेचा पत्ता पैसे जमा झाल्यावर पाठवतो म्हणाला. तिथं मी फोन ठेवला. त्यानंतर माझे प्रश्न ठरून गेले. जागा नेमकी कुणाच्या रानात आहे? रात्री तिथं घरची बाईमाणसं असतात का? बाथरूम तंबूपासून किती लांब आणि तिथं उजेड असतो का? या तिन्हींना जो सरळ उत्तर देतो त्याच्याशीच व्यवहार करायचा. बायकांनी हे विचारायला अजिबात संकोचू नये. चांगली माणसं अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत.

बामणोली ठरली ती या प्रश्नांमुळंच. पतसंस्थेतल्या एका सहकारी बाईंचं माहेर साताऱ्याचं. त्यांच्या ओळखीतून बामणोलीजवळच्या एका शेतकरी कुटुंबाचा नंबर मिळाला. फोन घरातल्या वहिनींनीच उचलला. तंबूचं भाडं सातशे, त्यात गादी आणि रजया. जेवणाचं ताट दीडशे रुपये. बाथरूम घरामागं, दिवा रात्रभर चालू. "आम्ही समदी हितंच असतो ताई. गाणीबिणी मात्र नसतात हं आमच्याकडं," त्या म्हणाल्या. मला नेमकं तेच हवं होतं.

जागा कशी आहे ते थोडक्यात सांगते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर जायचं आणि पलीकडच्या अंगानं खाली उतरायचं, की बामणोली येते. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. तिन्ही बाजूंनी सह्याद्रीच्या रांगा आणि पाण्यापलीकडं कोयना अभयारण्याचं जंगल. त्या जंगलात वासोटा किल्ला. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि उन्हाळ्यात पाणी फार मागं हटतं, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ आमच्यासारख्यांना सोयीचा. फुलं बघायची असतील तर कासला पावसाळ्याच्या शेवटी जावं. आम्हाला फुलांपेक्षा रात्र हवी होती.

तारीख ठरवताना मात्र घरात बरीच चर्चा झाली. संक्रांत, सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्याची जत्रा सगळं पार पडल्यावर फेब्रुवारीतला शनिवार-रविवार बघितला. चांदणं नसलं की तारे जास्त दिसतात म्हणून मी अमावास्येच्या जवळची तारीख काढली होती. "अमावास्येला घराबाहेर मुक्काम? चालायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मी वाद घातला नाही. अमावास्या उलटल्यावरचा शनिवार धरला तरी द्वितीया-तृतीयेची चंद्रकोर दिवस मावळल्यावर लवकरच मावळते आणि आकाश अंधारंच राहतं. त्यांचंही राहिलं, माझंही झालं.

खरा प्रश्न मुलाचा होता. या बाबतीत मी सगळ्या एकत्र कुटुंबांतल्या बायकांना सांगेन की सासूवर भार टाकू नका, जावेशी ठरवा. आमच्या धाकट्या जावेशी मी सरळ बोलले. आमचा मुलगा तिनं बघायचा, आणि पुढच्या खेपेला ते दोघं जातील तेव्हा तिची दोन्ही मुलं मी बघायची. तिनं आधी माझ्याकडं नीट पाहिलं, मी खरंच म्हणतेय का म्हणून. मग म्हणाली, "ताई, आमचं पण जमंल?" त्या क्षणापासून आमच्या जाण्याची तयारी माझ्याइतकीच तिनं केली.

सामान कमी आणि कामाचं न्यायचं ठरवलं. खाण्यासाठी सोलापूरकराला फार डोकं चालवावं लागत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही जोडी प्रवासासाठीच जन्माला आली आहे. मालदांडी ज्वारीची पातळ भाकरी पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजलेली, म्हणजे बरेच दिवस खराब होत नाही, पिशवीत जागा खात नाही. संक्रांतीनंतरच्या शेंगापोळ्या डब्यात होत्याच. बरोबर गूळ, लिंबं, दोन स्टीलच्या बाटल्या. पांघरायला घरच्या सोलापुरी चादरी, त्यातली एक यांच्या आजोबांच्या वेळची, मोराच्या नक्षीची. बाकी कानटोप्या, प्रत्येकी दोन जोड पायमोजे, हेडटॉर्च, ओडोमॉस, आधार कार्डाच्या प्रती आणि जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रांचं कारण पुढं येतं.

शनिवारी पहाटेची एसटी धरली. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं दोघांचं मिळून दीड तिकीट लागतं. स्वतःची गाडी नसलेल्या जोडप्याला ही मोठी सवलत आहे, आणि तिचा उपयोग माहेर-सासरच्या पलीकडं करायला आपल्याला सुचत नाही याचं मला वाईट वाटतं. पंढरपूर, पिलीव, म्हसवड, गोंदवलं, दहिवडी, पुसेगाव असा रस्ता. माण तालुक्यातून जाताना रान आपल्याइतकंच कोरडं, किंबहुना जास्तच. पुसेगाव सोडल्यावर वर्धनगडाच्या पायथ्याशी घाट लागला तेव्हा हे खिडकीला नाक लावून बसले होते. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला त्याच्या जवळपास दहापट. दोन्ही गावांचं पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं. हा फरक नकाशावर कळतो, पण एसटीच्या खिडकीतून तो दर तासाला रंग बदलत जाताना दिसतो.

साताऱ्याला दुपारी जेवलो आणि बामणोलीची एसटी पकडली. या गाड्या मोजक्या असतात. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर जाऊन वेळ विचारावी, जेवण नंतर.

मुक्कामावर पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. घर चढावर, त्याखाली भाताची खाचरं, त्याखाली उघडी पडलेली लाल माती आणि मग पाणी. त्या घरच्या दादांनी तंबूची पिशवी आणून दिली आणि लावून देतो म्हणाले. आम्ही म्हटलं, दाखवा, लावतो आम्ही. हे आवर्जून करावं. दोन माणसांचा घुमटाकार तंबू एकट्यानं लावता येतो, पण दोघांनी लावला तर तो पाच-दहा मिनिटांचा छान उद्योग होतो. फायबरच्या काठ्या तुकड्यातुकड्यांच्या असतात, आतून रबरी दोरीनं जोडलेल्या. त्या तंबूच्या कापडी बोगद्यातून पलीकडं न्यायच्या असतात. पलीकडच्या माणसाला वाटतं, टोक दिसलं की धरून ओढावं. ओढलं की आतल्या आत तुकडे सुटतात आणि काठी बोगद्यात अडकते. दादांनी एकच सूत्र सांगितलं: "वढायचं न्हाई, ढकलायचं. पलीकडच्यानं नुसतं कापड सरकवत ऱ्हायचं." मी ढकलत होते, हे कापडाच्या चुण्या मागं सारत होते. दुसरी काठी आडवी गेली, दोघांनी एकाच वेळी दोन्ही टोकं वाकवून कोपऱ्यांतल्या छिद्रांत बसवली, आणि जमिनीवर पसरलेलं कापड एकदम उभं राहिलं. यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता.

जागेबद्दलही दादांनी शिकवलं. पाण्याच्या अगदी कडेला तंबू लावायचा मोह होतो, पण थंड हवा रात्री उतारावरून खाली वाहत जाऊन पाण्याजवळ साचते आणि दवही तिथं जास्त. म्हणून वरच्या सपाट खाचरात, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. तंबूखाली ताडपत्री, पण ती तंबूच्या तळाबाहेर डोकावू द्यायची नाही, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून आत येतं. ताडपत्रीवर तंबू, आत वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर गादी, गादीवर एक चादर. सोलापूरकर थंडी म्हटलं की अंगावर पांघरुणं वाढवत जातो. तंबूत मात्र ऊब खालून, जमिनीतून जाते, म्हणून अंगाखालचा थर आधी भक्कम हवा. सुती चादर दव पिऊन जड होते, त्यामुळं ती आत, कोरडीच ठेवायची. एक गोष्ट जिवावरची आहे. कितीही गारठा असो, कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याची पाटी तंबूत घ्यायची नाही. कोंडलेल्या जागेत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. तंबूच्या वरच्या जाळीची झडप थोडी उघडी ठेवायची, म्हणजे श्वासाची वाफही आतून कापडाला धरत नाही.

संध्याकाळी चुलीपाशी बसलो. वहिनी नाचणीच्या भाकरी थापत होत्या, शेजारी त्यांच्या सासूबाई, सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. मी त्यांच्यापुढं कडक भाकरी आणि चटणी ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, थोडा चहात बुडवला, चघळत विचारलं, "कंचं गाव तुमचं?" सोलापूर म्हटल्यावर हात थांबला. "आमचा चुलता तिकडंच दिला की सरकारनं."

मग त्या बोलत राहिल्या. पाण्याकडं हात करून म्हणाल्या, "आमचं गाव त्या तितं खाली हाय. मी लहान व्हते. पाणी आलं तसं लोकं वर आली, कुनी लांब गेली. चुलत्याला तुमच्या जिल्ह्यात जमीन दिली. त्यो म्हनायचा, हितं झाडच न्हाई, सावलीला कुठं बसायचं." कोयना धरण साठच्या दशकात भरलं. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं ज्या जिल्ह्यांत वसवली त्यांत आमचा सोलापूर जिल्हाही आहे. शाळेत कोयनेबद्दल वीज म्हणून शिकले होते, महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणून. ज्यांची गावं गेली त्यांच्यातल्या कुणी आपल्याच रानात येऊन सावली शोधली, हे त्या आजींमुळं प्रत्यक्ष कळलं. जाताना त्यांनी उरलेल्या कडक भाकरी मागून घेतल्या. मी सगळ्या दिल्या.

जेवणात पिठलं, नाचणीची भाकरी, कांदा, भात, आणि भरपूर. नंतर तंबूसमोर थोडी लाकडं पेटवली. कोर मावळून गेली होती. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर, त्याच्या खालच्या अंगाला व्याध, पश्चिमेकडं कृत्तिकांचा पुंजका. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात वाचून गेले होते, ते एकेक करून यांना दाखवत होते. कुठलाच आवाज नाही. म्हणजे माणसांचा नाही; रातकिड्यांनी मात्र सगळी कड भरून टाकली होती. मी म्हटलं, "किती ओरडतायत ओ रातकिडे."

हे म्हणाले, "कुठं?"

मला वाटलं, गंमत करतायत. मी गप्प राहिले, त्यांनाही ऐकायला सांगितलं. ते बराच वेळ मान वाकडी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, "मला काहीच येत नाही ऐकू." मग थोड्या वेळानं, शेकोटीकडं बघतच, "तू हळू बोलतीस तेव्हा पण येत नाही. तोंडाकडं बघून कळतंय."

घरी हे कधी लक्षातच आलं नसतं. जिथं सगळे मोठ्यानं बोलतात तिथं कुणाला कमी ऐकू येतं हे कळायला वाव नसतो. टीव्हीचा आवाज वाढवला की मी यांच्यावर चिडायचे. माग चालू असलेल्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे कान आधी बारीक, उंच स्वर सोडून देतात. माणसाचं बोलणं बरंचसं शाबूत राहतं, पण रातकिडे जातात, पैंजणं जातात, कुकरची लांबची शिट्टी जाते. हे सगळं मला परत आल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी समजावलं. त्या रात्री आम्हाला एवढंच कळलं की काहीतरी आहे, आणि त्याबद्दल बोलायला इथं वेळ आहे. ते किती दिवसांपासून हे लपवत होते, कारखान्यात कळलं तर काम बदलतील का ही भीती, मुलगा शाळेतलं काही सांगायला लागला की हे नुसती मान हलवतात ते का, सगळं निघालं. मी त्यांच्या अगदी समोर बसून बोलत होते, तोंड दिसेल असं. लाकडं संपली तेव्हा आत गेलो.

थंडी पहाटे खरी लागली. दोन पायमोजे, कानटोपी, खाली वर्तमानपत्रं, वर रजई आणि त्यावर मोराची चादर, एवढ्यात ती निभावली. बाहेर आले तर तंबूचं वरचं कापड दवानं निथळत होतं आणि आतलं पूर्ण कोरडं. झडप उघडी ठेवल्याचा फायदा.

रविवारी वासोटा केला. जोडप्यानं जाताना इथं पैशाची एक गोष्ट कळीची आहे: बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दोघांनीच बोट केली तर सगळा हिशेब कोसळतो. रविवारी सकाळी लवकर धक्क्यावर गेलात तर एखादा ग्रुप मिळतोच. आम्हाला कराडच्या कॉलेजची मुलं भेटली, त्यांनी आनंदानं सामावून घेतलं. वनखात्याची परवानगी, ओळखपत्रं, प्रवेशाचे पैसे असे सोपस्कार उरकले आणि तासा-दीड तासाच्या बोटीनंतर वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला उतरलो. तिथं पिशव्या तपासून प्लास्टिक मोजतात आणि परत येताना तेवढंच बरोबर आहे का बघतात. स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या त्यामुळं आमचं काम झटपट झालं. जंगलात मुक्कामाला बंदी आहे, ऊन उतरायच्या आत परत फिरावंच लागतं, आणि ते योग्यच आहे. ते जंगल अस्वलांचं, गव्यांचं, बिबट्यांचं आहे.

वाट दाट झाडीतून चढते, दोन तास तरी लागतात. मध्येच एका फांदीवर शेकरू दिसलं, आपल्या राज्याचा प्राणी, लांबलचक शेपूट सोडून निवांत बसलेलं. मी बोट दाखवलं, हाक मारली नाही. आता मला कळलं होतं की यांना हाकेपेक्षा खांद्यावर हात जास्त उपयोगी पडतो. माथ्यावर मारुतीचं मंदिर, पाण्याचं टाकं, वाड्याचे अवशेष, आणि बाबुकड्यावरून खाली कोकण. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला इथूनच टक्कर दिली. तिच्याबद्दल जाणून घ्यायची मला फार इच्छा आहे. हा चढ एकदा पायाखाली घातला की ती लढाई नुसतं नाव राहत नाही.

परतीच्या वाटेवर शेंगापोळ्या त्या मुलांमध्ये वाटल्या. बामणोलीला बोट लागली तेव्हा साताऱ्याची एसटी गेलेली होती, वडापनं, म्हणजे माणशी भाड्याच्या जीपनं, साताऱ्यापर्यंत आलो, स्टँडबाहेर कंदी पेढे घेतले आणि रात्रीच्या गाडीनं सोलापूर. सोमवारी दोघंही कामावर वेळेत.

खर्च असा झाला. सोलापूर-सातारा एसटी जाऊन-येऊन दोघांची साडेबाराशे. साताऱ्याहून बामणोली, आणि येताना वडाप, मिळून साडेतीनशे. तंबू सातशे, रात्रीचं जेवण आणि सकाळचा पोहे-चहा मिळून चारशेवीस. बोट आणि वनखातं दोघांचं अकराशे. साताऱ्यातलं जेवण, वाटेतले चहा अडीचशे, पेढे दोनशे. सगळं धरून सव्वाचार हजारांच्या थोडं वर. वासोटा गाळला तर तीन-सव्वातीन हजारांत होतं, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल गाळावा. काठावर बसून राहायलाही ती जागा पुरेशी आहे.

त्याच आठवड्यात यांची कानाची तपासणी केली. आलेखात चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे उंच स्वरांपाशी, रेघ खाली गेलेली डॉक्टरांनी दाखवली. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. आता मागाच्या शेडमध्ये जायचं काम पडलं की हे कानाला संरक्षक लावूनच जातात, आणि दोन जुन्या सोबत्यांनाही त्यांनी तपासणीला नेलं. घरी मी सगळ्यांना सांगून टाकलं की यांच्याशी समोर येऊन बोलायचं, मागून ओरडायचं नाही. मुलानं हे सगळ्यांत आधी शिकून घेतलं.

जाऊ आणि दिरांची तारीख आता ठरली आहे. वहिनींना फोन करून मी दोन ताटं सांगून ठेवलीत. आजींसाठी कडक भाकरींचा वेगळा डबा द्यायचाय, सासूबाई स्वतः भाजणार आहेत. हेडटॉर्च, कानटोप्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा मी एका पिशवीत भरून ठेवलाय आणि काठी ओढायची नाही, ढकलायची, हे दिरांना प्रत्यक्ष करून दाखवलंय, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा घेऊन. जावेनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "ताई, तिथल्या बाथरूमला आतनं कडी आहे ना नीट?" आहे. मी स्वतः लावून बघितलीय.